फान थिएत: मासळीच्या शहराचा इतिहास वाचताना

मी रत्नागिरीची. शिक्षण मत्स्यशास्त्राचं, पोटापाण्याचं काम निर्यातीच्या मासळीची प्रत तपासण्याचं. त्या कामाने मला काही वर्षं व्हिएतनामात नेऊन ठेवलं. मुक्काम हो ची मिन्ह सिटीत, म्हणजे जुन्या सायगावात. सुट्टी मिळाली की मी ईशान्येला सुमारे दोनशे किलोमीटरवरच्या फान थिएतला जायची. बहुतेक पर्यटक शहर बसच्या खिडकीतून पाहतात आणि थेट शेजारच्या मुई ने किनाऱ्याच्या वाळूत उतरतात, कारण शहरात राजवाडा नाही, तटबंदी नाही, फोटो काढावा असा दरवाजा नाही. अशा शहराचा इतिहास कुठे शोधायचा आणि कसा वाचायचा, याबद्दल माझ्या ध्यानात आलेल्या गोष्टी क्रमांक घालून लिहिते आहे. क्रमात फारसा अर्थ शोधू नये.

१. आधी वारा विचारावा, मग राजा

कोकणात वाढलेल्या माणसाला फान थिएतमध्ये पहिलं कोडं पडतं ते जूनमध्ये. आपल्याकडे तेव्हा होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात. सरकारची बंदी असते, आणि ती नसती तरी कोणी शहाणा माणूस त्या समुद्रात गेला नसता. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला की मग दर्या मोकळा. फान थिएतला मात्र हेच महिने भर हंगामाचे. शहरातल्या 'का ती' नदीच्या मुखाशी होड्यांना उभं राहायला जागा नसते, आणि पहाटेपासून बर्फाच्या लाद्या फोडल्याचा आवाज चालू असतो.

मोसमी वारा तोच, नैर्ऋत्येचा. पण आपला किनारा तो छातीवर घेतो आणि त्यांचा किनारा पूर्वेकडे तोंड करून बसलेला. तिथे हा वारा किनाऱ्याला जवळजवळ समांतर वाहतो, वरचं कोमट पाणी खोल समुद्राकडे लोटतो आणि त्या जागी तळाचं गार पाणी वर येतं. त्या पाण्यात खतासारखी द्रव्यं असतात. त्यावर प्लवक पोसतं, प्लवकावर बारीक मासळी, बारीक मासळीवर मोठी. तिथले मच्छीमार वर्षाचे दोनच भाग मानतात: दक्षिण वाऱ्याचा मासळी-हंगाम, साधारण एप्रिल ते सप्टेंबर, आणि उरलेला उत्तर वाऱ्याचा. पहिल्यात कमवायचं आणि दुसऱ्यात जाळी विणत ते पुरवायचं.

शिवाय हा मुलूख व्हिएतनाममधला सर्वांत कोरडा पट्टा. फान थिएतचा वर्षाचा पाऊस रत्नागिरीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, आणि वर फान रांगकडे त्याहूनही कमी. (रस्त्याच्या दुतर्फा ड्रॅगनफ्रूटच्या बागा आहेत. रात्री त्यांत हजारो दिवे लावून झाडांना अवेळी फुलायला लावतात. आपल्या सांगोल्याकडच्या शेतकऱ्यांना हे पीक का परवडतं, ते तिथलं रान पाहून कळलं.) कोरडेपणामुळे मिठागरं आली. म्हणजे मासे उदंड, मीठ शेजारी आणि ऊन फुकट. सतराव्या शतकाच्या अखेरीस व्हिएतनामी वस्ती इथे सरकली असं पुस्तकांत असतं. ती इथेच का रुजली, याचं निम्मं उत्तर या तीन गोष्टींत आहे.

२. नाकाला रुमाल लावू नये

उरलेलं निम्मं उत्तर वासात आहे. फान थिएतच्या जुन्या वस्तीत शिरलं की नुओक मामचा, म्हणजे माशांच्या खारट अर्काचा, वास येतो. आमच्याबरोबरची मंडळी नाक दाबायची. मी सुकटीच्या घरातली मुलगी, मला हा वास ओळखीचा वाटला, त्यामुळे मी कारखान्यांच्या आत गेले.

कृती सांगायला सोपी आणि निभवायला कठीण. मांदेलीच्या कुळातला बोटाएवढा मासा घ्यायचा. तीन भाग मासा, एक भाग मीठ. मोठ्या लाकडी पिंपात किंवा उन्हात मांडलेल्या मातीच्या रांजणात भरून वरून दाबून ठेवायचं. माशाच्या पोटातलीच पाचकद्रव्यं त्याचं मांस विरघळवतात, आणि मीठ सडवणाऱ्या जंतूंना आवरून धरतं. तळाच्या तोटीतून निघालेलं पाणी पुन्हा वरून ओतायचं, पुन्हा काढायचं, असं महिनोन् महिने. चांगल्या मालाला वर्ष सहज जातं. शेवटी थेंबथेंब निथळतो तो पहिला अर्क सर्वांत महाग. फान थिएतची खासियत म्हणजे रांजण उघड्या अंगणात उन्हात ठेवणं. उन्हाने काम लवकर होतं आणि रंगही गडद येतो.

बाटलीवर ३०, ३५, ४० असे आकडे असतात. तो एका लिटरमध्ये नायट्रोजन किती ग्रॅम आहे याचा हिशेब, म्हणजे थोडक्यात प्रथिनं किती उतरली याचा. सरकारी प्रतवारीत दहाच्या खाली माल नुओक माम म्हणून चालत नाही, आणि तिसाच्या वरचा खास. माझा व्यवसायच प्रतीचा असल्यामुळे मी आकडा पाहायची. कारखान्यातल्या म्हाताऱ्या बाया आकड्याकडे बघतही नसत. बशीत चार थेंब घेऊन त्या उजेडाकडे तिरकी धरत, आणि त्यांचा निकाल माझ्या प्रयोगशाळेच्या निकालापासून फार लांब नसे.

या मालावर शहर उभं राहिलं. मातीच्या बुटक्या, फुगीर मडक्यांत अर्क भरून, तोंडं बंद करून ती मोठ्या शिडाच्या गलबतांतून सायगावला आणि मेकाँगच्या खोऱ्यात जायची. येताना तीच गलबतं तांदूळ आणायची. कोरड्या मुलखाला भात असा मिळाला. ज्यांच्याकडे पिंपं जास्त ते मोठे सावकार झाले. नदीकाठच्या जुन्या घरांचे कौलारू माथे आणि नक्षीदार तुळया त्यांच्याच पैशांतून आल्या. पाठोपाठ चिनी व्यापारी आले, त्यांनी आपल्या क्वान कोंग देवाचं मंदिर बांधलं आणि दुकानांच्या रांगा थाटल्या. १८९८ मध्ये राजा थान्ह थाय याच्या फर्मानाने फान थिएतला नगराचा दर्जा मिळाला. फर्मान निघण्याच्या कितीतरी आधी मडक्यांनी ते काम करून ठेवलं होतं.

३. शाळा दिसली की तिचा खर्च कोण भागवत होतं ते विचारावं

नदीकाठी झुक थान्ह नावाची एक छोटी लाकडी शाळा जपून ठेवली आहे. सगळ्या सहली तिथे थांबतात, कारण १९१०च्या अखेरीला न्गुएन तात थान्ह नावाचा विशीतला एक मास्तर इथे काही महिने शिकवत होता. १९११च्या सुरुवातीला तो सायगावला गेला आणि ५ जूनला एका फ्रेंच जहाजावर चढून परदेशी निघाला. जगाला तो पुढे हो ची मिन्ह म्हणून कळला. त्याने पाणी घातलेलं कर्मराचं झाड, विहीर, बाकं, सगळं दाखवतात. लोक झाडाचा फोटो काढून बाहेर पडतात.

मला कुतूहल होतं ते मास्तरांचा पगार कुठून येत होता याचं. उत्तर पुन्हा नुओक माममध्येच निघालं. १९०५च्या सुमारास फान चाऊ त्रिन्ह हा सुधारणावादी विद्वान आणि त्याचे सहकारी दक्षिणेकडे फिरत होते. जपानने रशियाला हरवल्याची ताजी बातमी होती. आपण का मागे पडलो, या प्रश्नावर त्यांचं उत्तर होतं: नवं शिक्षण आणि आपला व्यापार. फान थिएतमधल्या काही विद्वानांनी ते मनावर घेतलं. न्गुएन थोंग हे जुने पंडित-अधिकारी फ्रेंचांनी दक्षिण घेतल्यावर तिकडून इकडे येऊन राहिले होते. त्यांचे मुलगे न्गुएन त्रोंग लोई आणि न्गुएन क्वी आन्ह, तसेच हो ता बांग आणि आणखी काही जण पुढे झाले. आधी वाचनमंडळ, मग १९०६ मध्ये लिएन थान्ह ही भागभांडवलाची कंपनी, मग १९०७ मध्ये ही शाळा. कंपनी काय विकणार? शहरात जे पिकत होतं तेच.

कन्फ्यूशियसची वचनं पाठ केलेल्या घरांतल्या माणसांनी मासळीच्या अर्काचा धंदा करावा ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. विद्वान वर आणि व्यापारी सर्वांत खाली, अशीच तिथली जुनी उतरंड. ती त्यांनी स्वतःच्या हाताने मोडली. त्याच सुमारास, ऑक्टोबर १९०५ मध्ये, पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली होती. दोन्हीकडच्या माणसांनी एकमेकांची नावं ऐकली असण्याचं कारण नाही, पण जपानच्या विजयाची बातमी दोन्हीकडे सारखीच पोचली होती. फरक असा, की आपल्याकडच्या कथेत आगीचं चित्र लक्षात राहतं. फान थिएतच्या कथेत हिशेबाची वही आहे, आणि वहीचे फोटो कोणी काढत नाही.

शाळा १९१२ मध्ये बंद पडली. कंपनीने नंतर मुख्य कचेरी सायगावला हलवली आणि तिचं नाव आजही बाटल्यांवर दिसतं. शाळेचं संग्रहालय झालं आणि कंपनी दुकानात राहिली. मला दुसरं अधिक बोलकं वाटतं.

४. देवमाशाच्या देवळात सुतकाची रीत विचारावी

वान थुई तू हे मच्छीमारांच्या संघाचं देऊळ १७६२ मधलं. बांधलं तेव्हा ते समुद्राकडे तोंड करून किनाऱ्यावरच होतं. आता समुद्र मागे हटला आहे आणि मध्ये घरं आली आहेत. आत देवमाशाचा सुमारे २२ मीटर लांबीचा सांगाडा आहे. दालनात पाऊल टाकलं की आधी बरगड्याच दिसतात. त्याशिवाय कपाटांतून शंभराहून अधिक देवमाशांची हाडं ठेवली आहेत. न्गुएन घराण्याच्या राजांनी दिलेल्या सनदा इथे आहेत, आणि त्यांत देवमाशाला दक्षिण समुद्राचा सेनापती अशा थाटाची पदवी आहे. राज्य मिळण्याआधी बंडखोरांपासून पळताना न्गुएन आन्ह, म्हणजे पुढचा राजा जिआ लोंग, याच्या नावेला देवमाशाने वाचवलं, अशी कथा सांगतात.

सहलीचे लोक लांबी विचारतात, वजन विचारतात. तेवढ्यावर थांबू नये. तिथल्या वृद्ध पुजाऱ्याला मी विचारलं, मेलेला देवमासा किनाऱ्याला लागला तर काय करता? आणि मग तो खुलला. ज्याला तो प्रथम दिसेल तो त्याचा थोरला मुलगा ठरतो. त्याने डोक्याला सुतकाचं फडकं बांधायचं, वडील गेल्यावर करतात ते सगळं करायचं. माशाला वाळूत पुरतात, काही वर्षांनी हाडं काढून दारूने धुतात आणि देवळात आणून ठेवतात. गाव गरीब असो की श्रीमंत, या खर्चाला कोणी मागे सरत नाही. मासा लागला ती वर्षं भरभराटीची जातात असा विश्वास आहे.

देवमाशाला मच्छीमार आजोबांसाठीच्या आदराच्या शब्दाने हाक मारतात, आणि बोलताना त्याचा उल्लेख माणसासारखाच करतात. 'मासा मेला' असं म्हटलं तर पुजारी दुरुस्त करतो.

ही भक्ती मुळात कोणाची? व्हिएतनामी येण्याआधीपासून इथे असलेल्या चाम लोकांमध्ये लाटांचा एक देव आहे, पो रियाक, आणि त्याचंही नातं देवमाशाशी जोडलेलं आहे. उत्तरेकडून आलेल्या व्हिएतनामी मच्छीमारांनी ही पूजा इथल्या जुन्या मालकांकडून घेतली असावी असं अनेक अभ्यासक मानतात, आणि मला ते पटतं. उत्तर व्हिएतनामच्या किनाऱ्यावर ती फारशी नाही, चामांच्या जुन्या किनाऱ्यावर मात्र जागोजाग आहे. जमीन घेणाऱ्याने इथे समुद्राचा देवही सोबत घेतला.

५. 'पांडुरंग' वाचून लगेच हात जोडू नयेत

चामांचा विषय निघाला की मराठी पाहुण्यांची एक प्रतिक्रिया ठरलेली. शहराच्या ईशान्येला सातेक किलोमीटरवर टेकडीवर पो सा इनूचे विटांचे तीन मनोरे आहेत, साधारण आठव्या-नवव्या शतकातले. मोठ्या मनोऱ्यात शिवलिंग आहे. माहिती वाचताना कळतं की चंपाच्या राज्याचा हा दक्षिण भाग संस्कृत शिलालेखांत पांडुरंग या नावाने येतो. मग कोणीतरी उजळलेल्या चेहऱ्याने म्हणतंच, "म्हणजे इथे आपला विठोबा होता!"

विठोबाचा इथे काही पुरावा नाही. इथले राजे प्रामुख्याने शिवाचे भक्त होते. नाव संस्कृतातलं आहे, आणि ते पंढरपुराहून आलं असं दाखवणारं काही मी तरी पाहिलेलं नाही. आपलं नाव परक्या भिंतीवर दिसलं की आपली मालकी सांगायची घाई होते, आणि त्या घाईत समोरच्यांचं काय झालं ते ऐकायचं राहतं. १६९३ मध्ये न्गुएन फुक चू या सरदाराने या चाम राज्याचा पराभव केला. १६९७ मध्ये बिन्ह थुआन नावाने कारभार बसला. उरलेसुरलेलं चाम राज्य १८३२ मध्ये मिन्ह मांग राजाने पूर्ण संपवलं. म्हणजे पेशवाई बुडाली त्यानंतरही चौदा वर्षं पांडुरंग नावाचं काहीतरी तग धरून होतं.

चाम लोक संपले नाहीत. काही 'ब्राह्मण' परंपरेचे, काही इस्लामचं स्थानिक रूप पाळणारे 'बानी', आणि दोन्ही एकमेकांच्या सणांत दिसतात. शरद ऋतूत काते नावाचा सण येतो तेव्हा या टेकडीवर पांढऱ्या कपड्यांतले पुजारी येतात, लिंगाला स्नान घालतात, ढोल-सनई वाजते. पण मनोरे ज्या पो सा इनूच्या नावाने ओळखले जातात ती त्यांच्या आठवणीतली राजकन्या आहे. लोकांना शेती आणि विणकाम शिकवणारी म्हणून तिला मान. तिथे जाऊन शिवालाच शोधत राहिलं, तर ज्या बाईसाठी लोक टेकडी चढतात तिला आपण पाहतच नाही.

६. गाइडची गोष्ट ऐकावी आणि मनात वजाबाकी करावी

का ती नदीकाठचा अष्टकोनी पाण्याचा मनोरा ही शहराची खूण. १९२८ मध्ये सुरू होऊन १९३४ मध्ये पुरा झाला. लाओसचा राजपुत्र सुफानुवोंग याने आराखडा केला असं प्रत्येक जण सांगतो. हा राजपुत्र पुढे कम्युनिस्टांना मिळाला आणि १९७५ मध्ये लाओसचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला, तेव्हा गोष्ट झकास आहे. तो स्थापत्य अभियंता होता हेही खरं. पण त्याचा जन्म १९०९चा. बांधकाम निघालं तेव्हा तो एकोणीस वर्षांचा. ज्यांना जमेल त्यांनी हिशेब जुळवावा. मनोरा त्यामुळे कमी देखणा होत नाही.

७. टेकडी कोणाच्या नावाने जिवंत आहे ते पाहावं

पो सा इनूच्या जवळच एका फ्रेंच ड्यूकने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंगला बांधला होता. आता तिथे पडके अवशेष आहेत. तरुण जोडपी ड्यूकसाठी येत नाहीत. हान माक तू नावाचा कवी आपल्या फान थिएतच्या प्रेयसीबरोबर इथे फिरायला यायचा म्हणून ती येतात. त्याला कुष्ठरोग झाला आणि १९४० मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, तो क्वी न्होनजवळच्या कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात वारला. बंगला ड्यूकचा, आणि टेकडीवर माणसं येतात ती कवीच्या नावाने.

८. युद्धाबद्दल आपण होऊन विचारू नये

परदेशी माणूस व्हिएतनाममध्ये पोचला की त्याला सर्वांत आधी अमेरिका आठवते. फान थिएतलाही अमेरिकी तळ होता, इथेही लढाया झाल्या, आणि १९ एप्रिल १९७५ रोजी शहर उत्तरेच्या सैन्याच्या हातात आलं, सायगाव पडण्याच्या अकरा दिवस आधी. तारखेच्या नावाचा रस्ता आहे. पण बंदरावर मी हा विषय काढला की बोलणं दोन वाक्यांत संपायचं. डिझेलचा भाव विचारला की मात्र संध्याकाळ सरायची, आणि त्या बोलण्यातच सगळं हळूहळू बाहेर यायचं: कोणाची नाव कोणत्या साली रातोरात गेली ती परत आली नाही, कोणाचा भाऊ आता कॅलिफोर्नियात आहे, कोणाच्या वडिलांची पिंपं सहकारी संस्थेकडे गेली आणि १९८६ नंतर धोरण बदललं तेव्हा पुन्हा नव्याने भरावी लागली. मच्छीमारांच्या शहरात नाव हीच पळून जायची वाट होती. त्यामुळे कोण राहिलं आणि कोण गेलं हा प्रश्न तिथे घराघरात आहे, आणि तो परक्याने विचारायचा नाही.

९. एका सकाळमुळेही गाव बदलतं

२४ ऑक्टोबर १९९५. आपल्याकडे दिवाळी चालू होती आणि सकाळी सूर्यग्रहण लागलं होतं, हे माझ्या वयाच्या पुष्कळांना आठवेल. राजस्थानापासून बंगालपर्यंत त्याच्या गडद छायेचा पट्टा गेला. तीच छाया पुढे म्यानमार, थायलंड, कंबोडिया ओलांडून फान थिएतवर पोचली. ग्रहण पाहायला शास्त्रज्ञ आले, वार्ताहर आले, हौशी लोक आले. त्यांना शहराशेजारी मैलोन् मैल रिकामा किनारा, माडांची राई आणि तांबड्या वाळूच्या टेकड्या दिसल्या. त्या काळात तिथे धड हॉटेलं नव्हती. पुढच्या काही वर्षांत मुई नेच्या वाटेवर एकाला लागून एक रिसॉर्ट उभी राहिली. प्रांताने २४ ऑक्टोबर हा आपला पर्यटन दिनच ठरवून टाकला.

वाऱ्याने इथेही हात दिला. हिवाळ्यातला जो उत्तर वारा मच्छीमाराला घरी बसवतो, त्याच वाऱ्यासाठी पतंगाला बांधून लाटांवर सरकणारे युरोपीय लोक हजारो मैल उडून येतात. रशियन इतके आले की जेवणाच्या यादीत रशियन लिपी दिसू लागली.

किंमत कोणी मोजली तेही दिसतं. जिथे टोपलीसारख्या गोल होड्या, बांबूच्या विणलेल्या आणि डिंक थापलेल्या, वाळूवर पालथ्या घातलेल्या असायच्या तिथे आता भिंती आहेत. लाटांनी वाळू खाल्ली म्हणून एका रिसॉर्टने बंधारा घातला की पाण्याचा जोर शेजाऱ्याच्या वाळूवर जातो. मुई नेच्या टोकाला मच्छीमारांचं गाव अजून आहे. पहाटे बायका पाण्याच्या काठावर उकिडव्या बसून मासळी निवडतात, भाव करतात आणि पर्यटकांच्या कॅमेऱ्यांकडे ढुंकूनही पाहत नाहीत. हर्णैचा लिलाव ज्यांनी पाहिला आहे त्यांना इथे दुभाषा लागणार नाही.

१०. बाटलीवरचं लेबल हा ताजा इतिहास आहे

इतिहास म्हणजे जुनंच असायला हवं असं नाही. २०१६च्या ऑक्टोबरात एका ग्राहक संघटनेने जाहीर केलं की बाजारातल्या बहुतेक नुओक माममध्ये आर्सेनिक मर्यादेपेक्षा जास्त आहे. वृत्तपत्रांनी ते उचललं आणि लोकांनी बाटल्या फेकल्या. समुद्री माशांत आर्सेनिक असतंच, पण ते सेंद्रिय रूपातलं, निरुपद्रवी. विषारी असतं ते असेंद्रिय. हा फरक न सांगता एकूण आकडा छापला गेला होता. सरकारने तपासण्या करून खुलासा केला आणि अनेक वृत्तपत्रांना दंड झाला. तोवर छोट्या कारखानदारांचं व्हायचं ते नुकसान झालं होतं. ज्यात जास्त मासा त्यात जास्त आर्सेनिक. म्हणजे पाणी, स्वाद आणि रंग घालून बनवलेला स्वस्त माल या मोजणीत चांगला ठरला आणि वर्षभर उन्हात मुरलेला अस्सल माल बदनाम झाला. या क्षेत्रात काम करणारी म्हणून सांगते, आकडा खोटा नसतानाही माणसाला फसवता येतं याचं याहून चांगलं उदाहरण मी पाहिलेलं नाही.

फान थिएतच्या नुओक मामला २००७ पासून भौगोलिक मानांकन आहे, आपल्या हापूसला आहे तसं. पण मानांकनाने मासा येत नाही. बारीक मासळी ओरबाडणारी तळजाळी, वाढलेल्या होड्या आणि घटलेला साठा यांमुळे नावा लांब जाऊ लागल्या. काही दुसऱ्या देशांच्या हद्दीत पकडल्या गेल्या. ऑक्टोबर २०१७ मध्ये युरोपीय संघाने व्हिएतनामच्या मासळीला 'पिवळं कार्ड', म्हणजे ताकीद, दाखवलं. त्यानंतर मोठ्या नावांवर उपग्रहाला ठाव सांगणारं यंत्र सक्तीचं झालं आणि प्रत्येक फेरीची नोंद द्यावी लागते. माझं रोजचं काम याच कागदांशी होतं. बंदरावरचे वडीलधारे या यंत्राला वैतागायचे. एकजण मला म्हणाला, "ताई, समुद्रात बायकोलाही सांगत नव्हतो मी कुठे जातो."

११. सरकारी नकाशा कच्चाच समजावा

१ जुलै २०२५ रोजी व्हिएतनामने प्रांतांची संख्या कमी केली आणि जिल्ह्याची पायरीच काढून टाकली. बिन्ह थुआन प्रांत डोंगरातल्या लाम डोंग प्रांतात विलीन झाला, राजधानी दा लात. १९९९ मध्ये 'शहर' म्हणून घोषित झालेलं फान थिएत हे प्रशासकीय शहर त्या दिवसापासून उरलं नाही. त्याचे वेगवेगळे प्रभाग झाले आणि त्यांतल्या एकाला फान थिएत हे नाव मिळालं. पो सा इनूच्या टेकडीवर ज्या बिन्ह थुआनची पाटी होती तो प्रांत १६९७चं नाव घेऊन चालत आला होता. तेही आता एका प्रभागापुरतं.

बंदरावर ठोक मासळीचा व्यवहार करणाऱ्या ओळखीच्या एका बाईंना मी फोन केला आणि विचारलं, काय बदललं? त्या म्हणाल्या, कोबी, स्ट्रॉबेरी आणि कॉफी पिकवणाऱ्यांच्या प्रांतात आता आमच्या होड्या आहेत. मोठं काम निघालं तर घाट चढून दा लातला जावं लागेल. मग त्यांनी विषय बदलला. यंदा दक्षिण वारा लवकर सुटला होता आणि बर्फ महागलं होतं.